लाल क्लोव्हर, बंबलबी आणि खताचे पोते: एका फुलणाऱ्या पिकाचा तीनशे वर्षांचा इतिहास

१/२४
१८८५च्या प्रारंभी ‘टोंगारिरो’ ही आगबोट इंग्लंडहून न्यूझीलंडला पोहोचली. गोठवलेल्या मांसाच्या व्यापारासाठी बांधलेल्या शीतगृहांची ही बोट. त्या खेपेस मात्र तिच्या थंड कोठडीत एक विलक्षण माल होता: हिवाळी झोपेत असलेल्या शेकडो माश्या. विषुववृत्त ओलांडून, अर्धी पृथ्वी पालथी घालून त्यांना आणले होते. कारण होते गुरांच्या चाऱ्याचे एक पीक.

२/२४
या माश्या म्हणजे बंबलबी. मधमाशीच्याच कुळातली, पण अंगाने जाड, दाट केसांची, थंड हवामानात रमणारी माशी. महाराष्ट्रात लाकूड पोखरणारा जो काळा भुंगा दिसतो, तो वेगळा. भारतात बंबलबी प्रामुख्याने हिमालयाच्या पट्ट्यात आढळते. न्यूझीलंडमध्ये मात्र तिची एकही जात मुळात नव्हती. तेथील शेतकरी लाल क्लोव्हर पेरत, शेते गुलाबी फुलांनी भरून जात, पण बी जवळजवळ धरतच नसे. पेरणीचे बी इंग्लंडहून विकत आणावे लागे.

३/२४
क्लोव्हर हे शेंगवर्गीय, त्रिदल पानांचे चारापीक. मेथी आणि लसूणघास हे त्याचे नातलग, तर भारतातील दुग्धव्यावसायिकांच्या ओळखीचे बरसीम ही क्लोव्हरचीच एक जात. या सर्वांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतील जीवाणू हवेतला नत्र पकडून वनस्पतीला देतात. म्हणून क्लोव्हर घेतल्यानंतर त्याच जमिनीत गहू जोमाने येतो. युरोपच्या शेतीचे रूप पालटले ते या एका गुणामुळे.

४/२४
मध्ययुगीन युरोपात मोठ्या भूभागावर तीन शेतांची पद्धत होती. दरवर्षी एक तृतीयांश जमीन विश्रांतीसाठी पडीक ठेवावी लागे. फ्लँडर्समधील शेतकऱ्यांनी मात्र पडीक जमिनीवर क्लोव्हर आणि सलगम घ्यायला सुरुवात केली होती. इंग्लंडमधील यादवी युद्धात राजपक्षाचे सर रिचर्ड वेस्टन यांना देश सोडून त्या प्रदेशात आश्रय घ्यावा लागला. तेथील शेती पाहून त्यांनी एक टिपण लिहिले. १६५०च्या सुमारास ते छापले गेले आणि क्लोव्हरची कीर्ती इंग्लंडच्या जमीनदारांपर्यंत पोहोचली.

५/२४
अठराव्या शतकात नॉरफोक परगण्यात चार वर्षांची फेरपालट रुळली: गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर. १७३० साली राजकारणातून निवृत्त झालेले चार्ल्स टाउनशेंड सलगमाचा इतका पुरस्कार करीत की ‘टर्निप टाउनशेंड’ हेच त्यांचे नाव पडले. आता जमीन पडीक राहत नव्हती. क्लोव्हरवर गुरे पोसली जात, गुरांचे शेणखत शेतात जाई आणि पुढच्या वर्षी गव्हाचे उत्पन्न वाढे. वाढत्या शहरांचे पोट या चक्रावर भरू लागले.

६/२४
या चक्रामागचे रहस्य शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. अनुभव ठाऊक होता. शेंगवर्गीय वनस्पती हवेतील नत्र वापरतात आणि त्यात मुळांवरील गाठींचा हात असतो, हे हर्मान हेलरीगेल आणि हर्मान विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली दाखवून दिले. तोवर शंभर-दीडशे वर्षे इंग्लंडच्या शेतांत क्लोव्हर फुलत होते. आणि या फुलांवर गुरांखेरीज आणखी एक प्राणी पोसला जात होता, ज्याचा विचार कोणत्याही जमीनदाराने केलेला नव्हता.

७/२४
लाल क्लोव्हरचा गेंद म्हणजे अनेक बारीक, नळीसारख्या फुलांचा गुच्छ. नळीची खोली साधारण नऊ-दहा मिलिमीटर आणि मकरंद अगदी तळाशी. मधमाशीची जीभ सहा-सात मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे सहसा तिला तो मिळत नाही. बंबलबीच्या काही जातींची जीभ मात्र बारा मिलिमीटरांहूनही लांब असते. या लांब जिभेच्या माश्यांसाठी क्लोव्हरचे शेत म्हणजे इतरांना बंद असलेले कोठार होते. मकरंद पिताना त्यांच्या अंगावरचे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जात आणि बी धरे.

८/२४
पुढचा इतिहास समजण्यासाठी बंबलबीचे वर्ष समजणे आवश्यक आहे. मधमाशीचे पोळे वर्षानुवर्षे टिकते. बंबलबीचे घरटे एकाच हंगामाचे. हिवाळाभर मातीत एकटी झोपलेली राणी वसंतात जागी होते, बहुधा उंदराचे जुने बीळ शोधते आणि कामकरी माश्यांची पहिली पिढी स्वतः वाढवते. घरटे उन्हाळाभर वाढते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नव्या राण्या व नर जन्मतात. मग जुनी राणी, कामकरी, नर सगळे मरतात. उरतात फक्त नव्या राण्या. उन्हाळ्याच्या अखेरीस अन्न मिळाले नाही, तर पुढच्या वर्षी घरटेच नाही.

९/२४
क्लोव्हरचे वेळापत्रक या गरजेशी नेमके जुळत होते. शेतकरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिली कापणी करून चारा वाळवीत. बियाण्यासाठी राखलेल्या शेतात फुटवा पुन्हा वाढू दिला जाई आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये फुलत असे. इतर रानफुले ओसरत असतानाच एकरच्या एकर क्लोव्हर बहरे. भोवताली कुरणे आणि बांध होतेच. शेतकऱ्याने माशीसाठी काहीही न करता तिच्या सर्वांत नाजूक महिन्यांची सोय लावून दिली होती.

१०/२४
फुलांना कीटकांची गरज असते, ही कल्पनाही तेव्हा नवी होती. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथील शिक्षक ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ साली या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलांचे रंग, त्यांवरील रेषा, मकरंदाची जागा ही सारी रचना कीटकांना परागवाहनासाठी बोलावण्याकरिता आहे, असे त्यांनी शेकडो फुलांच्या निरीक्षणातून मांडले. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांचे महत्त्व पुढे ओळखले ते चार्ल्स डार्विन यांनी.

११/२४
डार्विन यांनी लाल क्लोव्हरवर साधा प्रयोग केला. शंभर गेंद माश्यांना खुले ठेवले. तितकेच गेंद माश्या येऊ नयेत असे झाकले. खुल्या गेंदांत २,७०० बिया धरल्या. झाकलेल्यांत एकही नाही. याच पिकावरून त्यांनी १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये एक प्रसिद्ध साखळी मांडली: मांजरे उंदरांना खातात, उंदीर बंबलबीची घरटी उद्ध्वस्त करतात, बंबलबी क्लोव्हरचे परागण करते, म्हणजे गावातील मांजरांची संख्या शेतातील क्लोव्हरचे भवितव्य ठरवू शकते. माशी नाहीशी झाली तर क्लोव्हरही नाहीसे होईल, हा त्यांचा निष्कर्ष.

१२/२४
न्यूझीलंडमध्ये हा निष्कर्ष प्रत्यक्ष दिसत होता. वसाहतवाल्यांनी इंग्लंडची मेंढी, इंग्लंडचे गवत, इंग्लंडचे क्लोव्हर नेले. माशी तेवढी मागे राहिली. तेथील मूळच्या माश्यांच्या जिभा आखूड. परदेशी प्राणी-वनस्पती रुजविण्यासाठी तेथे ठिकठिकाणी संस्था स्थापन झाल्या होत्या. त्यांपैकी कँटरबरीच्या संस्थेने बंबलबी आणण्याचा ध्यास घेतला. आधीचे प्रयत्न फसले. १८८२ साली गोठवलेल्या मांसाची पहिली यशस्वी खेप न्यूझीलंडहून इंग्लंडला गेली आणि शीतगृहाच्या रूपाने माशीलाही वाहन मिळाले.

१३/२४
केंट परगण्यात चर साफ करणाऱ्या मजुरांना मातीत झोपलेल्या राण्या गोळा करण्यासाठी पैसे देण्यात आले. ‘टोंगारिरो’ आणि पाठोपाठ आलेली ‘आओरांगी’ या बोटींतून शेकडो राण्या निघाल्या. जिवंत पोहोचल्या त्या शंभराहूनही कमी. तरीही त्या जगल्या, वाढल्या आणि भराभर पसरल्या. काही वर्षांतच न्यूझीलंडच्या शेतांत क्लोव्हरचे बी धरू लागले. बंबलबीच्या एकंदर चार जाती तेथे कायमच्या स्थिरावल्या. त्यांपैकी एकीचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे: ‘बॉम्बस सबटेरेनियस’, म्हणजे आखूड केसांची बंबलबी.

१४/२४
डार्विन यांची साखळी एका बाजूने वाचली गेली: माशी नसेल तर पीक नाही. ती उलटीही वाचता येते, हे पुढच्या शतकाने दाखवले. पीक नसेल तर माशीही नाही. त्या उलट्या वाचनाची सुरुवात शेतात नव्हे, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली.

१५/२४
१९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्याच्या आवाक्यात आणली आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. क्लोव्हरच्या गाठींतील जीवाणू जे काम संथपणे करीत, ते आता यंत्र करू लागले. दोन्ही महायुद्धांत या अमोनियापासून स्फोटकेही बनली. दुसरे महायुद्ध संपल्यावर स्वस्त नत्रखत शेतांकडे वळले. जमीन सुपीक करण्यासाठी एक वर्ष क्लोव्हरला देण्याची गरज संपली. खताचे पोते पुरेसे होते.

१६/२४
त्याच काळात ट्रॅक्टर आले आणि घोडे गेले. घोड्यांबरोबर त्यांच्या चाऱ्याची मागणीही गेली. युद्धकाळात अन्नटंचाईच्या भीतीने ब्रिटनमध्ये लाखो एकर कुरणे नांगरली गेली. उरलेल्या कुरणांत नत्रखतावर पोसलेले रायगवत लावले जाऊ लागले. ते फुले येण्याआधीच कापून मुरघास करता येत असे. १९३०च्या दशकापासून पुढच्या अर्धशतकात इंग्लंड व वेल्समधील फुलांनी समृद्ध कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के नष्ट झाली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. भुकेची आठवण ताजी होती आणि धान्य खरोखरच वाढत होते.

१७/२४
माश्यांचा ऱ्हास शांतपणे झाला. ‘बॉम्बस कलुमॅनस’ ही जात ब्रिटनमध्ये १९४१ नंतर दिसली नाही. आखूड केसांची बंबलबी एके काळी दक्षिण इंग्लंडमध्ये सर्वत्र आढळे. ती आक्रसत जाऊन अखेरीस केंटच्या किनाऱ्यावरील डंजनेस येथे १९८८ साली शेवटची नोंदली गेली. २००० साली ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे घोषित करण्यात आले. म्हणजे ज्या केंटमधून न्यूझीलंडला राण्या पाठवल्या गेल्या, त्याच केंटमध्ये तिची अखेर झाली.

१८/२४
स्वीडनमध्ये या ऱ्हासाचे मोजमापही हाती आहे. तेथे क्लोव्हरच्या बियाण्याच्या शेतांत कोणत्या माश्या येतात, याच्या नोंदी १९४०च्या दशकापासून ठेवल्या गेल्या होत्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या नोंदींची आजच्या पाहणीशी तुलना केली गेली. आखूड जिभेच्या दोन सामान्य जातींचा वाटा १९४०च्या दशकात ४० टक्के होता. तो आता ८९ टक्के झाला होता. लांब जिभेच्या जाती जवळजवळ पडद्याआड गेल्या होत्या.

१९/२४
त्याच अभ्यासात बियाण्याचे उत्पन्नही तपासले गेले. एका शतकात गव्हाचे पीक कित्येक पटींनी वाढले. क्लोव्हरच्या बियाण्याचे उत्पन्न मात्र अलीकडच्या दशकांत घटले आणि वर्षागणिक अधिक लहरी झाले. साखळीची दोन्ही टोके येथे जुळतात. क्लोव्हर कमी झाले म्हणून माशी कमी झाली. माशी कमी झाली म्हणून उरलेल्या क्लोव्हरला बी धरेना. एकोणिसाव्या शतकातील न्यूझीलंडच्या शेतकऱ्याची अडचण आता युरोपच्या दारात उभी होती.

२०/२४
मग शेतांतली फुले संपली का? तसे नाही. १९७०च्या दशकापासून युरोपात मोहरीच्या कुळातील रेपसीड हे तेलबियांचे पीक झपाट्याने पसरले. १९७३ साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि आधारभावामुळे तेथेही मे महिन्यात टेकड्या पिवळ्या दिसू लागल्या. फुलांचा इतका दाट बहर शेतात पूर्वी क्वचितच आला असेल. वरवर पाहता क्लोव्हरने रिकामी केलेली जागा या नव्या पिकाने भरून काढली होती.

२१/२४
२००३ साली जर्मनीतील ग्योटिंगेनच्या संशोधकांनी दाखवले की परिसरात रेपसीडचे क्षेत्र जितके जास्त, तितक्या बंबलबी माश्या अधिक दिसतात. बातमी शुभ होती. २००९ साली त्यांनीच अधिक खोल प्रश्न विचारला: या घरट्यांतून पुढच्या वर्षासाठी राण्या निपजतात का? उत्तर निराशाजनक आले. रेपसीडमुळे घरटी सुरुवातीला जोमाने वाढली, पण नव्या राण्या आणि नर वाढले नाहीत. रेपसीडचा बहर काही आठवड्यांचा; तो सरला की मोठ्या झालेल्या कुटुंबापुढे हिरवे, फुलविरहित रान उरते.

२२/२४
शिवाय नवे पीक सर्वांना सारखे लाभले नाही. रेपसीडचे फूल उथळ असल्याने आखूड जिभेच्या माश्यांची संख्या वाढली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार रेपसीड जास्त असलेल्या परिसरात लाल क्लोव्हरवर लांब जिभेच्या माश्या कमी आल्या आणि मकरंदचोर वाढले. हे चोर फुलाच्या बुडाशी भोक पाडून मकरंद पितात. परागण होत नाही. २०१५च्या स्वीडिश प्रयोगात निओनिकोटिनॉइड कीटकनाशक चोळलेल्या रेपसीडच्या शेतांजवळ बंबलबीची घरटी नीट वाढली नाहीत. युरोपीय संघाने अशा तीन रसायनांवर २०१३ साली निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतातील वापर थांबवला.

२३/२४
आणि क्लोव्हर? २०१४ साली स्वीडनमधूनच त्याचा निकाल आला. ज्या परिसरात उशिरा फुलणारी लाल क्लोव्हरची शेते होती, तेथे बंबलबीच्या राण्या आणि नर अधिक आढळले. मेमधील पिवळ्या बहराने जे साधले नव्हते, ते उन्हाळ्याअखेरीच्या गुलाबी बहराने साधले. फुलणारे पीक कीटकांना हितकर की अहितकर, या प्रश्नाचे एकच उत्तर इतिहासाला मान्य नाही. फूल कोणत्या महिन्यात फुलते, त्याची नळी किती खोल आहे, बहर ओसरल्यावर शेजारी काय उरते आणि बियाण्याला काय चोळले आहे, यावर ते ठरते.

२४/२४
२००९ साली आखूड केसांच्या बंबलबीला इंग्लंडमध्ये परत आणण्याचा प्रकल्प सुरू झाला. प्रथम नजर गेली ती न्यूझीलंडकडे. परंतु तेथील माश्यांच्या जनुकीय अभ्यासातून त्या सगळ्या कदाचित अवघ्या दोन राण्यांच्या वंशज असाव्यात, असे दिसले. त्यांना आणण्याचा प्रयत्न फसला. अखेर स्वीडनच्या स्कोने प्रांतातून राण्या आणून २०१२ साली सुमारे पन्नास डंजनेसला सोडण्यात आल्या. पुढेही सोडल्या गेल्या, पण त्यांची वस्ती स्थिरावली नाही. मात्र त्यांच्या स्वागतासाठी भोवतालच्या शेतकऱ्यांनी बांधांवर आणि पट्ट्यांत लाल क्लोव्हर आणि इतर फुले पेरली होती. त्या फुलांवर दुर्मिळ झालेल्या इतर बंबलबी जाती पुन्हा दिसू लागल्या.

(थ्रेड समाप्त)